आईंनी हीटर दुरुस्त केला त्याची हकिकत

ती. वन्संना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार,

तुमची कंबर आता कशी आहे? भावोजींचा खोकला गेला का, की अजून घरभर ऐकू येतो? इकडे सगळे खुशाल. (तुमचे बंधुराज सोडून, पण त्यांची पाळी पुढे येतेच आहे.) फोन सोडून हे पत्र कशाला, असं मनात आलं असेल. फोनवर तुम्ही बोलता आणि मी हो म्हणते, आपली पद्धतच तशी पडली आहे. आज मला पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलायचं आहे, म्हणून कागद घेतला.

येत्या रविवारी आईंना गाडीतून तुमच्याकडे आणायचं, तेही कायमचं, हे आपलं ठरलंच आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग त्या बाथरूममध्ये घसरल्या, तेव्हापासून आपण सगळ्यांनी मायेनंच एकेक गोष्ट त्यांच्या हातातून काढून घेतली. आधी सुरी, मग इस्त्री, मग कपाटाच्या किल्ल्या. तुमच्याकडे लिफ्ट आहे, दिवसभराची बाई आहे, तिथे त्यांना इकडची काडी तिकडे करावी लागणार नाही. आईंना विचारलं तर म्हणाल्या, "जाईन की." एवढंच. तुमची अट एकच होती, की तीन तासांचा थंडीतला रस्ता, तेव्हा गाडीचा हीटर आधी दुरुस्त करून घ्या. तो महिनाभर नुसता गार वारा सोडत होता.

झालं! ह्यांनी ते मनावर घेतलं. गॅरेजवाल्याने पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली (तीही उपकार केल्यासारखी), तेव्हा शनिवारी सकाळी हे तीन व्हिडिओ बघून अंगणात उतरले. वन्सं, तुमचा भाऊ विमा कंपनीत मोठा साहेब आहे, पण घरातला बल्ब बदलायचा तरी आधी बल्बशी चर्चा करतो. दुपारपर्यंत गाडीचा पुढचा कप्पा आमच्या जेवणाच्या टेबलावर होता आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या मागचं सगळं. आम्ही गाडीच्या पोटातल्या वस्तू बाजूला सरकवून जेवलो. रविवारी सकाळी सगळं परत बसवलं तर नऊ स्क्रू उरले. कंपनीने जास्तीचे दिले असतील, असं हे म्हणाले. मग हीटर लावला. वारा होता तसाच गार, गाडीच्या घड्याळात तेवढे बारा वाजले होते.

खिडकीत बसून हे सगळं बघणाऱ्या आई शाल गुंडाळून बाहेर आल्या. पायरी आहे, हात धरा, म्हणत मी धावले. त्यांनी हात धरला नाही. इंजिन तापतं का, इतकंच ह्यांना विचारलं. तापतं म्हटल्यावर गाडी थोडा वेळ चालू ठेवून बंद करायला लावली, बॉनेट उघडायला लावलं, आणि आतल्या दोन रबरी नळ्यांना, कुणाचा ताप बघावा तसा, हात लावला. "एक गरम, एक गार. मधे तुंबलंय." बस्स! दोन दिवस, तीन व्हिडिओ, नऊ स्क्रू, आणि ह्या बाईंनी दोन बोटांनी निकाल लावला. मी तोंडात बोट घालून बघतच राहिले.

आपण विसरलोच होतो, वन्सं. (तुम्हीसुद्धा, आणि तुम्ही तर पोटची लेक!) आईंनी शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं नळ्या, नरसाळी आणि बर्नर सांभाळले. मी ह्या घरात आले तेव्हा त्या निवृत्त झालेल्या, त्यामुळे त्यांना कामावर मी कधी पाहिलंच नव्हतं. ते काल पाहिलं.

इंजिन पुरतं निवेपर्यंत त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. मग शाल माझ्या हातात दिली, बाह्या सारल्या आणि ज्या सुटल्या! ह्यांना बादली धरायला बसवलं. इंजिनातलं ते हिरवं पाणी विषारी असतं, शेजारचं मांजर चाटायला नको, म्हणून मला राखणीला उभं केलं. दोन्ही नळ्या सोडवून त्यांनी बागेतला पाइप एकीला उलट्या बाजूने जोडला आणि पाणी अगदी हळू सोडायला लावलं. जोर केलास तर आतली जाळी फुटेल, असं ह्यांना तीनदा बजावलं. (साहेब मान खाली घालून हो आई, हो आई.) दुसऱ्या टोकाने आधी काहीच येईना, मग भसकन तपकिरी गाळ आला, मग गढूळ पाणी आणि शेवटी स्वच्छ धार. नळ्या पुन्हा जोडून नवं हिरवं पाणी भरलं, गाडीचं नाक चढाकडे करून त्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडं ठेवलं आणि इंजिन सुरू करवलं, आत अडकलेली हवा निघून जावी म्हणून. बुडबुडे येत होते आणि आई कान देऊन ऐकत होत्या. "अजून आहे. अजून आहे. आता गेली." आणि खरंच गेली! आम्ही तिघं आत बसलो आणि पायांवर अशी ऊब आली की मला रडूच फुटलं. आईंचे हात कोपरापर्यंत काळे आणि चेहरा असा, की मी लग्नापासून कधी बघितला नव्हता. मी सरळ हात जोडले. "वेडी आहेस का," म्हणाल्या, "नळी तर साफ केली."

तेव्हा हीटर झकास चालतो आहे, तुमची अट पुरी झाली. रविवारी अकरापर्यंत पोचतो. औषधं वेगळ्या पिशवीत बांधते आहे. भावोजींना नमस्कार, तब्येतीला जपा.

तुमची धाकटी भावजय

ता. क. पत्र दोन दिवस टेबलावरच राहिलं. तेवढ्यात आईंनी शेजाऱ्यांचा पाण्याचा पंप चालू करून दिला आणि माझ्याकडून कपाटाच्या किल्ल्या मागून घेतल्या. मी दिल्या. तुम्हाला विचारलं नाही, रागावू नका.

ता. क. २. खरं सांगू? मला त्यांना पाठवायचं नाही. पण मी म्हटलं तर सुनेने अडवून ठेवलं असं होईल, आणि ह्यांचं तुम्ही लहानपणापासून ऐकत नाही. तेव्हा वन्सं, तुम्हीच फोन करून म्हणा की राहू द्या. एवढ्यासाठीच हा सगळा कागद.

ता. क. ३. पाकीट चिकटवायच्या आधी हेही लिहून टाकते. आज सकाळी घरातले उठायच्या आत मी गाडीत गेले. हीटरच्या पंख्याचा फ्यूज काढून लपवायचा, म्हणजे रविवार टळेल, असा माझा बेत होता. फ्यूजच्या डबीचं झाकण उघडलं तर त्या फ्यूजची जागा रिकामी! आत आले तर आई चहा करत होत्या. हीटर पुन्हा बंद पडलाय, असं मी शक्य तितक्या साध्या आवाजात सांगितलं. माझा कप भरता भरता त्या म्हणाल्या, "हो का? मग रविवारचं काही खरं नाही."