विमानावरचा कर आणि लेकीची खेप

रविवार, संध्याकाळ. केडगाव.

आज जेवताना लेकीशी वाद झाला. वाद म्हणण्याइतका मोठा नाही, पण डोक्यातून जात नाही. आमच्या हिला अर्धांगवायू झाल्यापासून लेक दर महिन्याला हैदराबादहून विमानाने शिर्डीला उतरते आणि दोन दिवस आईपाशी राहते. मी आपलं बोलून गेलो, "विमानाच्या तिकिटावर पर्यावरणाचा कर हवाच. धूर करणाऱ्याने भरावा." ही तेव्हा लेकीची ओढणी मुठीत धरून बसली होती.

"लावू देत की, बाबा," लेक शांतपणे म्हणाली. "मग मी रेल्वेने येईन. सुट्टी प्रवासातच संपेल. आईजवळ कधी बसू?"

मी रेल्वेचे तास बोटांवर मोजू लागलो. जन्मभर भूगोल शिकवला, तरी तास कमी होईनात. ओढणी अजून हिच्या मुठीतच. क्वचित विमानाने जाणाऱ्याला सूट द्यावी, असं मनात आलं. पण लेक तर दर महिन्याला येते, म्हणजे सूट तिला नाहीच. मग मत बदललं का माझं? नाही. कर हवाच.

निघताना तिने विचारलं, "पुढच्या खेपेला रेल्वेचं बघू का?"

"नको," मी म्हणालो. "विमानाचंच काढ."