चार पायऱ्या उरल्या असताना

रायपूर
६ मे २०२५

ती. आजोबांना,
गंधालीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुम्ही इंद्रजीतदादाच्या लग्नाच्या तयारीला नागपूरला मोठ्या काकांकडे जाऊन बसलात आणि इकडे मी नोकरीला लागले. पगार नाही, पण डबा घेऊन जाते आणि थकून येते, म्हणजे नोकरीच झाली. समता कॉलनीत एका दातांच्या दवाखान्याच्या वर देवश्री मॅडमचं ऑफिस आहे. त्या आर्किटेक्ट आहेत. घर कसं तयार होतं ते मुलांना शाळेच्या वयातच कळावं, म्हणून अकरावीच्या आम्हा पाच जणांना त्यांनी महिनाभर इंटर्न म्हणून घेतलंय.

मला वाटलं होतं, कॉम्प्युटरवर बंगले काढू. मॅडमनी पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या हातात एक टेप दिला आणि कॉम्प्युटरला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. मग ऑफिसची रुंदी नुसत्या नजरेने सांगा म्हणाल्या. मी चौदा फूट सांगितली, निघाली अकरा. बीरगांवहून येणाऱ्या संघर्षने साडेदहा सांगितली. त्याचे वडील फॅक्टरीत फिटर आहेत, नजर घरातूनच आली असणार. माझ्या घरातून काय आलं ते तुम्हीच सांगा.

रोज जे पाहिलं त्यावर हाताने एक पान लिहायचं असाही नियम आहे. म्हटलं वही भरण्यापेक्षा तुम्हालाच पाठवते, नाहीतरी फोनवर तुम्ही जेवलीस का याच्या पुढे जात नाही. माझं मराठी मात्र तपासू नका.

पहिलं काम होतं, आपापलं घर मोजून कागदावर काढणं. संघर्षचं घर एका खोलीचं, अर्ध्या तासात मोजून झालं. मग मॅडमनी त्याला सांगितलं, की रात्री सहा माणसं कुठे झोपतात ते दाखव, त्यात त्याचे दोन दिवस गेले. मी जिन्यावर अडकलेय. खालच्या तीन पायऱ्या मोजल्या, प्रत्येक साडेसहा इंच. अठराने गुणलं आणि मोकळी झाले. आजोबांनी बांधलेला जिना, बाकीच्या कशाला मोजायच्या? पण वरून सरळ टेप सोडला तर उंची दीड इंच जास्त आली. मॅडम म्हणाल्या, की गुणाकाराने जिना चढता येत नाही, प्रत्येक पायरी मोजून आण. हा दीड इंच कुठे आहे ते माहीत असेल तर कळवा, तेवढीच माझी मेहनत वाचेल.

कळावे. नातीवर लोभ ठेवालच, तो वाढवता आला तर पाहा.

तुमची,
गंधाली

*

नागपूर
११ मे २०२५

चि. गंधालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. अकरा चुका निघाल्या, त्यातल्या नऊ माफ केल्या. तपासू नका म्हणालीस म्हणून तपासलं.

नोकरीला लागलीस हे उत्तम, पण पहिल्याच आठवड्यात वडीलधाऱ्यांच्या कामात खोट काढायला लागलीस हे काही ठीक नाही. मी चौतीस वर्षं पी.डब्ल्यू.डी.त काढली. पूल झाले, शाळा झाल्या, कोणी मला दीड इंचाचा हिशोब विचारला नाही. तुझ्या टेपला झोल पडला असेल, नाहीतर वाकून मोजताना लक्ष मोबाईलमध्ये असेल. तो जिना मी मिस्त्रीच्या डोक्यावर उभा राहून बांधून घेतलाय, पोट्टे.

त्या जिन्यावर आजवर एकच माणूस पडलं, आणि त्यात जिन्याचा काही दोष नव्हता. तुझी आई लग्न होऊन आली त्याच महिन्यातली गोष्ट. वरच्या खोलीत पाहुणे बसलेले. सूनबाई सात कपांचा ट्रे घेऊन निघाल्या, आणि अवघ्या चार पायऱ्या उरल्या असताना ट्रेसकट आडव्या. एकोणीस वर्षं झाली, पण आजही सांगितलं की माणसं पोट धरून हसतात. काल इथे व्याही मंडळींना सांगितलं, तेही हसले. तुझ्या काकूने लग्नातली कामं वाटून दिली आहेत. तुझ्या आईला, सुनीतीला, अक्षता वाटायच्या आहेत. त्या खाली पडल्या तरी चालतात, असं काकूचं म्हणणं.

ऊन फार आहे. टेप घेऊन भटकून राहिली असशील तर खिशात कांदा ठेवत जा.

अभ्यासावर लक्ष आणि म्हाताऱ्यावर माया असू दे.

तुझा,
आजोबा

*

रायपूर
१६ मे २०२५

ती. आजोबांना,
सा. न. वि. वि.

कांदा ठेवला. आता ऑफिसमध्ये माझ्या शेजारी कोणी बसत नाही.

तुम्ही टेपला झोल पडला म्हणालात म्हणून अठराही पायऱ्या मोजल्या, त्याही दोनदा. दुसऱ्यांदा संघर्षने टेपचं खालचं टोक धरलं आणि मॅडम स्वतः लेव्हल घेऊन आल्या. मोबाईल फ्रिजवर ठेवला होता. सतरा पायऱ्या साडेसहा इंचाच्या आहेत. चौदावी आठ इंचाची आहे.

मॅडमनी सांगितलं, की पाय पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवर उंची शिकतो आणि मग न बघता चढतो. मध्येच एक पायरी उंच आली की अडखळतो. घरच्यांच्या पायांना सवय होते, नव्या माणसाची फजिती होते. खरं-खोटं बघायला आम्ही शर्मिष्ठाला बोलावलं. ती आमच्यातलीच इंटर्न, तिला काहीच माहीत नव्हतं. दप्तर वर ठेवून ये म्हटलं. चौदावीवर तिची चप्पल अडकली आणि तिने कठडा धरला.

आजोबा, अठरातून चौदा गेले की चार उरतात. चार पायऱ्या उरल्या असताना, असं तुम्हीच लिहिलंय.

आईला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. आधी म्हणाली, की जाऊ दे, मीच धांदरट. थोड्या वेळाने पाहिलं तर जिन्यावर बसली होती आणि चौदाव्या पायरीवर हात ठेवून होती. काहून बसलीस म्हणून विचारलं तर म्हणाली, की मले इतकी वर्षं वाटे, माझेच हातपाय धड नाहीत. मी लहान असताना ती मला कडेवर घेऊन एकदाही जिना चढली नाही. दरवेळी बाबांच्या नाहीतर तुमच्या हाती द्यायची. मी पाडीन तुले, अशी भीती वाटे, म्हणाली. हे मला आजवर माहीत नव्हतं. मला रडू आलं, तर तिने मलाच चूप केलं.

लग्नाला आता तीन आठवडे राहिले. तिथे सगळे भेटतील आणि कोणीतरी तुम्हाला ती ट्रेची गोष्ट सांगायला लावेल. माझं मोजणं चुकलं असेल तर कळवा, मी पुन्हा मोजेन. चुकलं नसेल तर आईला पत्र लिहा. मला नाही लिहिलं तरी चालेल.

तुमच्यावर माया आहे म्हणूनच एवढं लिहिलं, राग नसावा.

गंधाली

*

नागपूर
२१ मे २०२५

चि. सौ. सुनीतीस,
अनेक आशीर्वाद.

तुला हे माझं पहिलंच पत्र. एका घरात राहणाऱ्यांना पत्र लागत नाही, असं मी धरून चाललो होतो.

गंधालीचं मोजमाप बरोबर आहे. चौदावी पायरी आठ इंचाची आहे हे मला जिना झाला त्याच आठवड्यात कळलं होतं. मिस्त्रीच्या डोक्यावर उभा होतो हे खोटं. वरच्या पायऱ्या झाल्या त्या दिवशी मी गोल बाजारात दारांच्या पितळी कड्या निवडत होतो. पुढे मी स्वतःच तिथे अडखळलो, मोजून पाहिली, आणि फोडायला सांगायची लाज वाटली. साऱ्या पाऱ्यात, गल्लीगल्लीत, सांगून ठेवलं होतं, की घर कसं बांधतात ते इंजिनियरच्या घरी येऊन पाहा. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, की इथे ठेच लागते, तर त्यांना म्हटलं, की पाहून चालत जा. हळूहळू सगळ्यांना सवय झाली आणि मीही विसरलो.

तू पडलीस तेव्हा मात्र आठवलं. कप फुटल्याचा आवाज आला त्याच क्षणी आठवलं. पाहुण्यांपैकी कोणी उठून जिना निरखून पाहील याची मला भीती वाटली. म्हणून मी आधी हसलो, आणि सूनबाई धांदरट मिळाली असं मोठ्याने म्हणालो. मी हसलो म्हणून बाकीचे हसले, नाहीतर ते तुला उचलायला धावले असते. मग ती गोष्ट सांगत गेलो. इतक्यांदा सांगितली, की मलाच खरी वाटायला लागली. तू गंधालीला घेऊन जिना चढत नव्हतीस हे रोज पाहत होतो आणि कंटाळा करते असं समजत होतो.

माझं चुकलं, सुनीती. पायरी चुकली ती मिस्त्रीची, बाकीचं सगळं माझं.

मिस्त्रीला फोन केला आहे, सोमवारी येऊन ती पायरी फोडेल. लग्नात अक्षता वाटू नकोस. तुला वाटेल ते काम माग, मी तुझ्या जावेशी बोलतो.

लोभ मागायला तोंड नाही, म्हणून आशीर्वादावरच थांबतो.

शरच्चंद्र

*

रायपूर
२५ मे २०२५

ती. बाबूजींना,
सौ. सुनीतीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र मिळालं. राग आला नाही असं लिहिलं तर तेही खोटंच होईल. दोन दिवस वरणात मीठ घालायचं राहिलं आणि तुमचे चिरंजीव एक शब्द न बोलता जेवले. तिसऱ्या दिवशी पत्र पुन्हा वाचलं आणि हसू आलं. तुमच्या हातून चूक होते हे लेखी मिळालेली या घरातली मी पहिलीच. सासूबाई असत्या तर त्यांनी फ्रेम करून लावलं असतं.

मिस्त्रीला मी तूर्त येऊ नको म्हटलंय. देवश्री मॅडम म्हणाल्या, की एकच पायरी छाटून भागत नाही, तो दीड इंच पुढच्या पायरीवर जाऊन बसतो. मधल्या वळणाच्या वरच्या नऊही पायऱ्यांत तो थोडा थोडा वाटून द्यावा लागतो. ते ड्रॉइंग त्यांनी गंधालीलाच करायला दिलंय, इंटर्नशिपचं शेवटचं काम म्हणून. पोट्टी जेवायला हाक मारली तर स्केल घेऊन येते. तुम्ही आलात की ड्रॉइंग तुम्हाला दाखवणार आहे. चुका काढा, पण टेप हातात घेऊन काढा.

आणखी एक. कप सहा होते. सातवा तुम्ही सांगता सांगता वाढवला.

काम माग म्हणालात, तर एकच मागते, आणि ते माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. लग्नाला सगळे जमतील, ज्यांनी ज्यांनी ती गोष्ट ऐकली ते सगळे. त्यांच्यासमोर ती एकदा पुन्हा सांगा. नेहमी सांगता तशीच सांगा, ट्रे धरून, डोळे मोठे करून. फक्त शेवट या पत्रातला सांगा, कड्या निवडत होतात तिथपासून. लोक हसतील. त्यांना मध्येच थांबवू नका. मीही एकोणीस वर्षं कोणाला थांबवलं नाही.

उन्हात बाहेर पडू नका. आमचा लोभ आहे तसाच आहे. थट्टेची पाळी मात्र आता माझी.

आपली सून,
सुनीती