सुलतानाच्या हातचा घास

प्रिय हारिस,

तुझा काका जुबैर आता एकटाच जेवतो. ही बातमी सगळ्यांत आधी लिहिते, कारण ती लिहिण्यासाठीच मी इतकी वर्षं तग धरला. मेंढ्यांच्या कोंडवाड्यामागे एक खोली आहे, तिथे त्याला ठेवलंय. त्याची ज्वारीची भाकरी आणि रस्सा मी स्वतः नेऊन देते. दासीला नेऊ देत नाही. परवा म्हणाला, "अगं, घटकाभर बस तरी. समोर कुणी नसलं की घास उतरत नाही." मी म्हटलं, "पाणी ठेवलंय. त्याच्याबरोबर उतरव." आणि दार ओढून घेतलं. तुला वाटेल आई किती दुष्ट झाली. झाले खरी, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

तू सात वर्षांचा होतास तेव्हा डोंगरावरच्या ख्रिस्ती राजाने तुला ओलीस मागून घेतलं. आपले सुलतान त्याचे मांडलिक, त्यामुळे थोरला मुलगा त्याच्याकडे ठेवायचा ही जुनीच रीत. तुझ्या अब्बांनी तुला स्वतः खेचरावर बसवलं. मी तुझ्या केसांना लोणी लावलं, भाजलेल्या जवाची पुरचुंडी कमरेला बांधली. माझी सवत आस्ली तिच्या सफवानला कडेवर घेऊन दारात उभी होती. धाकट्याची आई म्हणून ती सुटली, थोरल्याची म्हणून मी अडकले. तिचा काय दोष? काही नाही. तरी तिचं ते कडेवरचं पोर माझ्या डोळ्यांत आजही सलतं, आणि तिचा तो मऊ आवाज ऐकला की मला अजून ठसका लागतो.

पुढे तुझ्या अब्बांनी खंडणी पाठवायला नकार दिला. वाटलं होतं राजा फौज घेऊन खाली उतरेल. पण त्याने सुलतानपदाचा रेशमी झगा पाठवला, तोही तुझ्या काकाला, गुपचूप. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा. पहाटे तुझे अब्बा नदीवर नमाजाआधी हातपाय धुवायला, वजू करायला वाकले आणि त्यांचा पंचा धरून मागे उभ्या असलेल्या सख्ख्या भावाने त्यांच्या पाठीत सुरा घातला. दुपारपर्यंत तो झगा घालून गादीवर बसलासुद्धा! आस्ली शहाणी. तिने सफवानला घेतलं आणि खाली वाळवंटाकडे, उंटवाल्या भावांकडे निघून गेली. मी राहिले. इद्दतीचे, म्हणजे विधवेने थांबायचे महिने संपले तशी आपल्या रीतीप्रमाणे मी दिराची बायको होऊन त्याच्या घरात गेले. बायका नाकं मुरडायच्या: "खदराला गादीची ऊब सुटत नाही." मुरडू देत. तू राजाच्या मुठीत होतास आणि मला दोनच गोष्टी हव्या होत्या: जुबैरची धूळधाण, आणि त्या गादीवर तू.

विष घालणं सोपं होतं. स्वयंपाकघर माझंच होतं. पण विषाने मेलेला सुलतान सुलतान म्हणूनच मरतो, त्याला कबर मिळते, जुम्म्याच्या नमाजाला त्याच्या नावाने वाचलेला खुतबा लोकांना आठवतो. मला तो जिवंत आणि नकोसा झालेला हवा होता. म्हणून मी त्याचे पाय चेपले, त्याला नशेची हिरवी पानं निवडून दिली. चघळत बसला की त्याची जीभ सैल सुटायची, तेव्हा मी कान उघडे ठेवून ऐकायचे.

या वर्षी जुबैर झगा नवा करून घ्यायला डोंगरावर गेला आणि फुगून परत आला. रात्री पानं चघळता चघळता म्हणाला, "खदरा, राजाने मला शेजारी बसवून घेतलं. स्वतःच्या हाताने घास भरवला! माझ्या भावाला, रजबला, कधी भरवला होता का?" मी विचारलं, "कशाचा घास?" तर म्हणतो, "कसला म्हणजे? मटणाचा. नाही म्हणून राजाचा अपमान करू?" ते ख्रिस्ती त्यांच्या सुरीने कापलेलं खातात, आपण बिस्मिल्ला म्हणून आपल्या सुरीने कापलेलं. त्यावरून तर कोण कुणाचा ते ठरतं. मी त्याच्या अंगावर पांघरूण घातलं आणि कुणाला काही बोलले नाही. फक्त काझीच्या बायकोला सांगितलं. तिच्या पोटात काही राहत नाही याची मला खात्री होती.

मग ईद आली. सुलतानाने मांसाचा तुकडा भाकरीत गुंडाळून प्रत्येक टोळीच्या वडीलधाऱ्याला आपल्या हाताने भरवायचा, ज्याने घेतला तो त्याचा झाला. जुबैर नव्या झग्यात मिरवत आधी सगळ्यांत म्हाताऱ्या बुराले आजोबांपुढे गेला आणि घास त्यांच्या ओठांना लावला. आजोबांनी तोंड उघडलंच नाही. जुबैर हसला, "आजोबा, दात राहिले नाहीत म्हणून घाबरताय की काय?" आजोबांनी मान वळवली. तो दुसऱ्याकडे गेला, तिसऱ्याकडे गेला. सगळी रांग तोंड मिटून बसलेली! त्याच्या मनगटावरून तूप ओघळत होतं, झग्याच्या बाहीत जात होतं. शेवटी त्याने तो घास माझ्यापुढे केला. हारिस, मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि सावकाश ओठ मिटले. त्या एका क्षणासाठी मी त्याच्या घरात बायको म्हणून नांदले होते. संध्याकाळपर्यंत त्याचे पहारेकरीसुद्धा त्याला सोडून गेले.

लोक मला मानायला लागले. वडीलधाऱ्यांनी सभेत ठराव केला, मीच तो बोलून करून घेतला, की डोंगराच्या सुरीचं खाल्लेला माणूस यापुढे आपल्या गादीवर बसणार नाही. मी मनात तुझ्यासाठी झगा शिवत होते.

मागच्या जुम्म्याला राजाचा सरदार तस्फा आला. म्हातारा, गोड स्वभावाचा, गळ्यात त्या ख्रिस्त्यांचा निळा दोरा. भर सभेत म्हणाला, "राजा रागावलेला नाही. तुमच्याच रजबचा थोरला मुलगा तुम्हाला सुलतान म्हणून देतोय." माझा ऊर भरून आला. मग तो माझ्याकडे वळला. पोराच्या आईला बरं वाटावं एवढाच त्याचा हेतू होता. म्हणाला, "बाई, काळजी नको. पोराला आम्ही परका मानलं नाही. सणासुदीला माझ्याच ताटात जेवतो, राजाच्या हातचा घास घेतो. त्याने निरोप दिलाय, गादीवर बसलो की पहिला घास आईला." काझी जमिनीकडे बघत होता. बुराले आजोबांनी हलकेच विचारलं, "सूनबाई, आता काय करायचं?"

मी खोटं बोलू शकले असते. तस्फा म्हातारा झालाय, काहीतरी बरळतो, असं म्हटलं असतं तर अर्ध्यांनी मान डोलावली असती. पण मला कळलं की राजाने डाव किती आधी मांडला होता. सात वर्षांच्या पोराने परक्या घरात काय खायचं होतं? तुझा त्यात काडीचा दोष नाही, हे मी कुराणावर हात ठेवून सांगेन. पण त्याने तुला मारलं नाही, भरवलं. माझ्या नवऱ्याचा जीव जुबैरच्या हाताने घेतला आणि आता माझं राज्य माझ्याच पोराच्या हाताने घेणार होता. तुला नाकारल्याशिवाय त्याला हरवता येत नव्हतं. मी आजोबांना म्हटलं, "आस्लीला निरोप धाडा."

तुला आपली लिपी अजून वाचता येते अशी आशा धरून हे मिठाच्या व्यापाऱ्याबरोबर पाठवते आहे, कारण तस्फा तुला अर्धंच सांगेल. काल सफवान गादीवर बसला. आस्ली माझ्या शेजारी उभी होती, त्याच मऊ आवाजात रडत होती. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा मी पुढे झाले, माझ्या सवतीच्या पोराच्या हातचा पहिला घास घेतला आणि गिळला. बाळा, राजाची फौज घेऊन खाली येऊ नकोस. आलास तर नदीच्या उताराशी आमची माणसं उभी आहेत, आणि त्यांना तिथे उभं राहायला सांगणारी मी आहे.

तुझीच आई,
खदरा