बोटीची बॅटरी आणि चरोद्याचा जिना

बाबा, आज मी बोटीवर गेलो होतो. हसू नका. भिलाईत कुठली आली बोट, असंच तुम्ही म्हणाल. पण गावाबाहेरच्या धरणात आता मासोळ्यांचे पिंजरे आहेत, आणि बारीक मासोळ्या टबात घालून तिथवर बोटीनं न्याव्या लागतात. टबात हवा सोडणारा पंप चालते इन्व्हर्टरवर, इन्व्हर्टर चालते बॅटरीवर. हे सारं सामान हथखोजच्या माह्या दुकानातून गेलेलं, म्हणून पिंजरेवाली बाई मलेच फोन करते. आज तिसऱ्यांदा केला. "भइया, मशीन फेर बंद होगे. मछरी मन मर जाही." मासोळ्या मरतील म्हणे.

आधीच्या दोन खेपांना मी काय केलं? पंप बंद असतानाच बॅटरीले मीटर लावलं. आकडा साडेबारा व्होल्टच्या वर. म्हटलं बॅटरी ठणठणीत, खोट इन्व्हर्टरमधेच. एकदा फ्यूज बदलला, एकदा अख्खा इन्व्हर्टरच बदलून दिला. आज जाऊन पाहतो तर मासोळ्या वर येऊन तोंडं उघडून राहिल्या होत्या, बाई दोन्ही हातांनी पाणी घुसळून राहिली होती, आणि मी आपला पुन्हा इन्व्हर्टरचं झाकण खोलून बसलो. डोकंच चालेना. मंग कावून कोणास ठाऊक, पंप चालू केला आणि चालत्या पंपावर बॅटरीले मीटर लावलं. आकडा घसरत घसरत दहाच्या खाली. बॅटरीच गेली होती, बाबा! माह्या गाडीची बॅटरी काढून लावली तेव्हा पंप धरला, मासोळ्या हळूहळू खाली गेल्या. बाई एवढंच म्हणाली, "पहिली ले देख लेतेव, भइया." आधीच पाहून घ्यायचं होतं म्हणे.

ही चूक मी करावी? तुमच्या पोरानं? तुमची सारी नोकरी चरोद्याले रेल्वेच्या डब्यांच्या खाली गेली, दिव्यापंख्यांच्या बॅटऱ्या तपासण्यात. एकदा मलेही घेऊन गेले होते. मी ऐटीत मीटर लावलं आणि म्हटलं, "बाबा, फुल आहे." तुम्ही चार माणसांसमोर खेकसले, "भैताडा, पंखे लाव आधी! रिकामं असल्यावर कोणीबी ताठ बसते. काम दे, मंग पाह्य." मले लय राग आला होता. दोन दिवस तुमच्याशी बोललो नाही.

आज परत येताना तुमचा ईसीजी डोक्यातून जाईना. तो काढला तुमाले पलंगावर निजवून, पंख्याखाली, शांत. कागद नॉर्मल. आई पद्मनाभपूरच्या घरी आल्यागेल्याले अजूनही तेच सांगते, "कागद तर नॉर्मल होता." मीही मान डोलावतो. पण रिकाम्यावर मोजायचं नसते, हे तुमाले तर पाठ होतं ना? मंग तुम्ही त्या कागदाची घडी करून गपचूप खिशात कावून टाकली? समजलं नव्हतं, का समजूनच गप्प बसले? कधी वाटते तुमच्यावर चिडावं, कधी वाटते चिडायचा हक्कच कुठं आहे मले. काहीच समजून नाही राहिलं.

कारण त्यानंतरचा रविवार मले आठवते. आपण दुर्गच्या लोकलसाठी चरोद्याच्या पुलाचा जिना चढून राहिलो. तुमच्या हाती तांदळाची थैली आहे, माहे हात रिकामे. तुम्ही मधेच थांबता, वाकून चपलेचा पट्टा नीट करता. आणखी आठदहा पायऱ्या, की पुन्हा पट्टा. पट्टा धडधाकट आहे, मले वरून दिसते. मी ओरडतो, "चला ना बाबा, गाडी लागली!" तुम्ही हातानं खुणावता, हो पुढं. मी होतो. त्याच आठवड्यात तुम्ही गेले.

हे लिहून आईले वाचून दाखवायचं ठरवलं होतं. नाही दाखवणार. तिले मी केव्हाच सांगून बसलो, की सारं अचानक झालं, आधी काही दिसलंच नाही. आणि जिन्यावरून मी गाडीत तुमच्यासाठी जागा धरायले पुढं गेलो होतो, हेही सांगतलं. डबा अर्धा रिकामा होता, बाबा. तुमच्यासाठी थांबायचा मले कंटाळा आला होता.