सामाईक रस्त्याचा मध्य

मंगळवार, ४ तारीख
शेजारच्या लाँड्रीवाल्या काकांची व्हॅन आजही सामाईक रस्त्यात मधोमध. दोन्ही घरांच्या गाड्या मागच्या अंगणातून याच रस्त्याने बाहेर पडतात. सोमवारी महाविद्यालयात अध्यापकपदासाठी माझी मुलाखत. बाबा गाडीने सोडणार. वाटेत व्हॅन असली, तर भवितव्यच अडेल. उद्या काकांशी सडेतोड बोलणार.

बुधवार, ५
गेले. काका म्हणाले, काय गं, काही हवंय का? तसेच कसे परतावे, म्हणून अंगावरची ओढणी इस्त्रीला देऊन आले. माझ्या मौनातील निषेध त्यांच्यापर्यंत निश्चित पोहोचला असावा.

शुक्रवार, ७
आई म्हणाली, अगं, तोंड उघडायला काय पैसे पडतात? आईला तत्त्वाचे आकलन नाही. प्रश्न सौजन्याचा नसून हद्दीचा आहे. निर्णय: रस्त्याच्या मध्यातून विटांची गुडघाभर उंच रांग. भूमितीत पैकीच्या पैकी गुण मिळवणारीने शब्द का खर्चावेत?

रविवार, ९. दुपार
सर्व जण घोरत असताना काम फत्ते. सिमेंटही मीच कालवले. मध्य केसभरही चुकलेला नाही. सुट्टीमुळे व्हॅन मागच्या अंगणात. ही शत्रूची माघारच. काकूंनी खिडकीतून विचारले, फुलझाडं लावतेस होय? छान हो! मी मान डोलावली. मोहिमेत गोपनीयता आवश्यक असते.

सोमवार, १०. सकाळ
सिमेंट उत्कृष्ट प्रतीचे निघाले. बाबांनी गाडी काढली आणि विटांपाशी थांबवली. आमच्या अर्ध्यात आमची गाडी मावेना, त्यांच्या अर्ध्यात त्यांची व्हॅन. हा प्रकार पाठ्यपुस्तकात नव्हता. बाबा म्हणाले, विदुषीबाई, मध्य अगदी अचूक काढलात. आता गाडी उभी चिरू का? काका पोट धरधरून हसले. काही लोक पराभव असाच लपवतात.

सोमवार. संध्याकाळ
काकूंना स्कूटरवर सोबत हवी होती, म्हणून मुलाखतीला त्यांच्यामागे बसून गेले. मांडीवर गिऱ्हाइकांच्या चादरींचे गाठोडे. वेळेत पोहोचले. परीक्षकांनी माझे नाव तीनदा विचारले, इतके ते प्रभावित झाले. कळवतो म्हणाले. येताना काकू म्हणाल्या, वेडाबाई, एक हाक मारली असतीस, तर आमचे हे जेवण टाकून व्हॅन काढायला आले असते.

काकांनी घण घालून विटा फोडल्या. व्हॅन पुन्हा मधोमध. मात्र आज मी गच्चीवर उभी राहून "काका, गाडी बाजूला घ्या!" असे ठणकावून म्हटलेच.

मनात. परंतु उच्चार निर्दोष होते.