आणखी हजार मैल

टोलेडो, ९ मार्च १९९७

चि. मार्सी हिला,

आशीर्वाद शेवटी देईन, जमलं तर. आधी हे सांग, तुला लाज कशी नाही वाटली? बाबांनी त्यांची लाल दोन सीटवाली गाडी तुझ्या नावावर केली, हे सख्ख्या थोरल्या बहिणीला कळलं कुणाकडून, तर त्यांच्या जुन्या शेजारणीच्या फोनवरून. आणि त्याला आठवडा होत नाही तर तुझं पत्र. म्हणे, लू, गियर टाकला की खालून धाडकन आवाज येतो, इंजिनची माउंटिंग फाटलीत म्हणतात, कुठली घेऊ?

त्या गाडीचा क्लच मी तीनदा बदलला. तुला पाना कुठल्या बाजूनं धरतात ते अजून ठाऊक नाही. फोन करू नकोस, उचलणार नाही.

तरी विचारलंस म्हणून सांगते. माउंटिंग म्हणजे इंजिन आणि सांगाडा यांच्यामधली गादी. रबराची मऊ असतात, थरथर गिळून टाकतात. धातूची रेसवाल्यांना. मधे पॉलीची, म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकची, त्यात मऊही येतात आणि कडकही. तू गाडीच्या कंपनीची नको, बाहेरच्या बनावटीची पॉली घे, काळी, कडकातली कडक. इंजिन जागचं हलणार नाही, गियर लोण्यासारखा पडेल. आधी जरा हादरेल, पण पाचशे मैलांत सगळं बसतं. गाडीवाला कुठलाही माणूस हेच सांगेल.

लोभ आहेच. सध्या गॅरेजात ठेवलाय.

लू

फोर्ट वेन, १४ एप्रिल

प्रिय लू,

सा. न. (लांबूनच करते, जवळ आले तर पाना फेकशील.)

बसवली. आमच्या इथल्या हर्शेलनं मान हलवत हलवत बसवली. रस्त्यावरच्या गाडीला एवढी कडक कोणी सांगितली, असं तीनदा विचारलं त्यानं. मी म्हटलं, माझ्या बहिणीनं, ती वीस वर्षं गियरबॉक्स उघडतेय. मग बिचाऱ्यानं पाना उचलला.

गियर खरंच झकास पडतो. बाकीचं विचारू नकोस. सिग्नलला थांबले की आरशात मागचा एक ट्रक तीन दिसतो. गॉगल डॅशबोर्डवरून चालत चालत माझ्या मांडीत येतो. शाळेत फळ्यावर लिहायला घेतलं तर पहिल्या तासाला हात थरथरतच असतो, पोरं हसतात.

तुझा राग बरोबर आहे गं. मी बाबांना विचारलं होतं, लूला का नाही दिलीत. ते म्हणाले, "लू ती उघडून ठेवील. तू चालवशील."

मैल भरायचे म्हणून रविवारी बाबांना वृद्धाश्रमातून घेते. कान गेल्यापासून ते गाडीत बोलत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात. तरी शेजारी कोणी असलेलं बरं वाटतं. तीनशे झाले. खरंच बसतं ना?

मायेत ठेव. मावत नसले तरी.

मार्सी

टोलेडो, १८ एप्रिल

चि. मार्सी,

उघडून ठेवील म्हणाले? माझ्या शेडमधे दोन गाड्या सहा वर्षं उघड्या आहेत, म्हणून लगेच असं बोलायचं?

आणि रविवारी म्हणजे दर रविवारी? मी महिन्यातून एकदा शंभर मैल तुडवत येते, तर पाटीवर लिहिलेलं वाचतात, बरा आहे म्हणतात आणि टीव्हीकडे तोंड करतात. आधी फोनवर तास तास बोलायचे माझ्याशी. कार्ब्युरेटरवर, दुसऱ्या कशावर नाही, पण बोलायचे. तुझ्याशी काय बोलायचे ते? शाळा कशी आहे. एवढंच ना?

पाचशे कमी पडतील असं दिसतं. आणखी हजार कर. आणि इंजिनच्या फेऱ्यांचा काटा दोन हजारावरच धर, वर जाऊ नकोस. तिथंच ती नीट बसतात. झेपत नसेल तर मोकळेपणानं सांग, माझ्या शेडमधे एक जागा रिकामी आहे.

तुझं बरं चाललंय ते चालू दे.

लू

फोर्ट वेन, २८ एप्रिल

लू,

नमस्कार राहू दे, आधी हे वाच.

काल ऑबर्नच्या रस्त्याला होतो. मी काटा दोन हजारावर धरलेला, दात आवळलेले. बाबांनी एकाएकी डॅशबोर्डवर हात ठेवला. मग पाठ सीटला टेकवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "तिसरा टाक. इंजिन रडतंय."

मी टाकला. मग चौथा कधी, परत तिसरा कधी, सगळं तेच सांगत होते, डोळे मिटून. त्यांना ऐकू काही येत नाही लू, ते थरथर पाठीनं वाचतात. परतताना म्हणाले, चौथ्या सिलिंडरचा प्लग गेलाय. हर्शेलनं आज काढून बघितला तर काळा ठिक्कर. दोन तास बोलत होते. तू सोळाव्या वर्षी गियरबॉक्स पोटावर घेऊन गाडीखाली अडकली होतीस आणि मदतीला कोणाला येऊ देत नव्हतीस, ते सुद्धा सांगितलं.

मी केवढी मूर्ख. मला वाटत होतं तू माझ्यावर राग काढतेयस. आणि तू तर ही कडक माउंटिंग त्यांच्यासाठी निवडली होतीस. पाटीवर लिहून दाखवलं त्यांना, ही लूनं निवडली. ती पाटी काही त्यांनी पुसू दिली नाही.

माझी मान पार गेलीय, पण हजार मैल पुरे करणार. रविवारी ये ना. दुपारी ॲपल पाय खायला जातो आम्ही, नेहमीच्या ठिकाणी.

तुझी, आणि आज जरा जास्तच,

मार्सी

फोर्ट वेन, ४ मे, गाडीच्या बॉनेटवर

मार्सी,

आलेय मी. तुम्ही दोघं आत ॲपल पाय खाताय, काचेतून दिसताय. बाबा हवेत गियर टाकून दाखवतायत आणि तू हसतेयस. आत यायचं धाडस होत नाही.

आता नीट वाच. मी ती बाबांसाठी नाही निवडली. तुला गाडी नकोशी व्हावी आणि माझ्या शेडमधे यावी, म्हणून निवडली. कडक पॉली बसत वगैरे काही नाही. दोन हजारावर ती सगळ्यात जास्त हादरते, म्हणूनच तो आकडा दिला. पाटी पुसून टाक.

आज रबराची मऊ घेऊन आले होते. तुझ्या मानेसाठी बदलून द्यायची असं ठरवून. किल्ली तू गाडीतच ठेवलेली, नेहमीसारखी. बाबांच्या सीटवर बसले, इंजिन चालू केलं आणि कानांत बोटं घातली. सगळं येतं गं पाठीत. चारही सिलिंडर वेगवेगळे मोजता येतात. वीस वर्षं इंजिनांत हात घालून मला हे ठाऊक नव्हतं, आणि तुला आयतं मिळालं, ते पण माझ्याच हातून.

मग लक्षात आलं, आता रबर बसवलं तर ते परत खिडकीबाहेर बघत बसतील. आणि तू मला थँक्यू म्हणशील. खोटं कशाला सांगू, तरीही जॅक काढून गाडीखाली सरकवला होता मी. थोडा वेळ तशीच बसले त्याच्याशेजारी, गुडघ्यांवर.

जॅक परत माझ्या ट्रकमधे टाकलाय. मऊ माउंटिंग पण घेऊन चाललेय. तुझ्या सीटवर ट्रकमधला जाड फोम कापून घातलाय, मानेमागे सुद्धा. तो फक्त तुझ्या बाजूला. त्यांच्या सीटवर टॉवेल पण अंथरू नकोस.

हेवा कमी झालाय असं समजू नकोस. उलट वाढलाय. पुढच्या रविवारी मी येईन की नाही, आत्ता मलाच माहीत नाही.

बाबा उठले. टोपी शोधतायत. हे वायपरखाली लावते आणि निघते.