चुकीच्या वाक्यावर शिवलेला कावळा

बाबा, मागच्या महिन्यात एका डॉक्टरबाईंनी मला विचारलं की तुमचे वडील कशाने गेले, आणि मी सवयीने म्हणालो, दारूने. हे उत्तर मला इतकं पाठ आहे की ते द्यायला तोंडही नीट उघडावं लागत नाही. बाईंनी मान वर न करता विचारलं, "ते कारण असेल. आजार कुठला होता?" मी म्हणालो, मोठ्या आतड्याचा कॅन्सर. तेव्हा त्यांनी मान वर केली. तुम्हाला सांगायला हवं की त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी माझ्या आतड्यात दुर्बीण घालून चामखिळीसारख्या दोन गाठी काढलेल्या. ज्या वाटेने ती दुर्बीण आत गेली, त्या वाटेवर मी आयुष्यभर विनोद करत आलोय. पुढाऱ्यांच्या, साहित्यिकांच्या, सोसायटीच्या सेक्रेटरीच्या. स्वतःची पाळी आली तेव्हा मात्र रिसेप्शनवरच्या मुलीने "कशासाठी आलात?" असं चारचौघांत विचारलं, आणि मी हळूच म्हणालो, पोटासाठी.

बाईंनी मग आमचं अख्खं खानदान विचारलं. आत्या? म्हटलं, ती गर्भपिशवीच्या कॅन्सरने गेली, पण तिचा काही संबंध नाही, तिच्या घरात खोकल्याच्या औषधावरही दारूचा संशय घ्यायचे. बाई म्हणाल्या की संबंध आहे. काही घरांत हे दोन्ही आजार एकाच धाग्यात येतात. शरीरात नव्या पेशी बनताना नक्कल करण्यात चुका होतात, त्या दुरुस्त करणारी एक व्यवस्था असते, आणि काही घराण्यांत ती व्यवस्थाच जन्मतः अर्धवट मिळते. चुका होत राहतात, दुरुस्तीला कोणी येत नाही. मला एखाद्या महापालिकेचं वर्णन ऐकल्यासारखं वाटलं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. बाई हसल्या नाहीत. रक्त तपासू म्हणाल्या. मी विचारलं, मग दारूचं काय? त्या म्हणाल्या, दारूने धोका वाढतोच, पण सगळ्यांचा सारखा वाढत नाही. दारू पोटात गेल्यावर तिचं जे विष बनतं ते कोणाचं शरीर लवकर निस्तरतं, कोणाचं रेंगाळत ठेवतं, आणि तेही जन्मतःच ठरलेलं असतं. मी विचारलं, म्हणजे बाबांच्या बाबतीत किती दारूचं आणि किती रक्ताचं? "तसं तोडून सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "कदाचित दोन्ही." बाबा, आमच्या घरात हा शब्द तुमच्याबद्दल कधीच कोणी वापरला नव्हता. कदाचित.

मला तुमचे कान आठवले. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून सुटून तुम्ही कोपरीच्या आपल्या खोलीत शिरायचात तेव्हा आई तुमच्या तोंडाचा वास घेत नसे, कान बघायची. पोळपाटावर अर्धी लाटलेली पोळी, हातात लाटणं, आणि नजर तुमच्या कानांवर. कान लाल असले की ती पोळी जाड व्हायची. तुमच्या खात्यातले बाकीचे लेथवाले तुमच्या दुप्पट प्यायचे आणि ट्यूबलाइटसारखे पांढरेफटक घरी जायचे. तुम्ही अर्धा ग्लास घेतलात तरी मानेपासून वर पेटायचात. ते तुम्हाला चिडवायचे, सवय नाही अजून, घेत जा, होईल. तुम्ही सवय करून घेतलीत. तुमच्यातला तो फिटर, कोकणातला, सगळ्यांत जास्त पिणारा, अजून आहे. ऐंशीच्या पुढे गेलाय, कोपरीत रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसलेला असतो, आणि मला बघून म्हणतो, तुझा बाप हलका गडी. मी त्याला नेहमी हसून दाद दिली. आता वाटतं, तुमचं शरीर बिचारं कान धरून सांगत होतं आणि आम्ही सगळे ते बघून फक्त पोळीची जाडी ठरवत होतो. बाईंना मी हे विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की लाल होणं म्हणजे विष रेंगाळणंच असं सरसकट धरू नका. धरत नाही. पण कान विसरूही शकत नाही.

आणि शेंगदाणे. तुमच्या शर्टाच्या खिशात कागदाच्या पुडीत बारमधले खारे शेंगदाणे असायचे. बाकीचे चकना खाऊन संपवत, तुम्ही तुमच्या वाटचे बांधून आणायचात. आई तोंड फिरवून बसलेली असते, मी आणि धाकटी तुमच्या खिशाला लोंबकळतोय, तुमचे कान लाल, आणि आमच्या तोंडात मीठ. तुम्ही प्यायलेल्या दिवसाची आम्ही दोघं वाट बघायचो, हे मी एवढ्या वर्षांत कुठल्याच लेखात लिहिलं नाही. तुमच्यावर लेख मात्र पुष्कळ लिहिले. दर गटारीला संपादक फोन करून विचारतात, वडील येणार ना यंदा? तुम्ही येता, अमावास्येला मटण आणून, दोन घोटांत लाल होऊन, पायरी चुकून. लोक हसतात. मेल्यानंतर तुम्ही जितक्या वेळा प्यायलात तितक्या वेळा जिवंतपणी नक्कीच प्यायला नव्हतात.

पण लेख ही मोठी गोष्ट नाही. ठाण्याच्या दवाखान्यातली ती दुपार मोठी आहे. तुम्ही खाटेवर, मी स्टुलावर. रक्त पडायला लागल्यापासून वर्षभर तुम्ही मूळव्याध म्हणत इसबगोल खाल्लंत, आई ताक देत राहिली, आणि आता पोटाला पिशवी लावलेली. शेजारच्या खाटांवरचे लोक आणि त्यांना भेटायला आलेले, सगळे आपल्याकडे कान देऊन. माझं नुकतंच कुठेतरी काही छापून यायला लागलेलं, त्यामुळे मला प्रत्येक वाक्याला टाळी हवी असायची. तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "माझ्या बापाला पण हेच झालेलं. तो तर माळकरी होता." आणि मी म्हणालो, "म्हणजे त्यांच्या वाटणीची पण तुम्हीच प्यायलात." वॉर्ड हसला. वॉर्डबॉय हसला. तुम्हीही हसलात, पोटाला हात धरून, कारण हसल्यावर टाके दुखायचे. आणि पुन्हा तो विषय काढला नाहीत. मला तेव्हा फार बरं वाटलेलं, वाक्य जमल्याचं.

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. दुपार चढत गेली. भटजी घड्याळ बघतायत, काका चप्पल शोधतायत, तो फिटर म्हणतोय, क्वार्टर ठेवा बाजूला, लगेच येईल. कावळे होते, समोरच्या भिंतीवर ओळीने बसलेले, पण खाली उतरत नव्हते. काका मला म्हणाले, तुझ्या बापाचा जीव पोरांत अडकलाय, काहीतरी बोल. मी हात जोडले आणि म्हणालो, बाबा, आम्ही दोघंही जन्मात कधी थेंबाला शिवणार नाही. शब्द संपायच्या आत कावळा आला. खरं तर त्याला भूक लागली असेल, पिंडावर वडा होता. पण आईने मरेपर्यंत सगळ्यांना सांगितलं की त्यांना तोच शब्द हवा होता, आणि मीही कधी नाही म्हणालो नाही. त्या दिवसापासून आपल्या घराला कळलं की आजार कशाने होतो आणि काय केलं की होत नाही. आमचं वैद्यकीय शिक्षण असं खाडीकाठी झालं, आणि परीक्षक काळा होता. आता रोज वाटतं की तुमचा जीव अडकला असेल तर तो आजोबांबद्दलच्या त्या अर्ध्या राहिलेल्या वाक्यात अडकला असेल. ते वाक्य ठाऊक असलेला मी एकटाच तिथे उभा होतो. कावळा चुकीच्या वाक्यावर शिवला, बाबा.

धाकटी त्या दिवशी घाटावर नव्हती, बायका जात नाहीत म्हणून. तिची शपथ मीच परस्पर घेतली. तिने ती अशी पाळली की विचारू नका. होमिओपॅथीवाल्याकडे गेली तर थेंब नको, साबुदाण्याच्या गोळ्या द्या म्हणते, थेंबांत स्पिरिट असतं. वैद्याने आसव दिलं तर बाटली परत. लेकीच्या वाढदिवसाचा केक आणताना दुकानदाराला विचारते, रम नाही ना घातलीय. आणि शपथ घेणारा मी? दोन वर्षंही पाळली नाही. आठवड्यातून तीनदा घेतो, चार म्हणा. फक्त डोंबिवलीला तिच्याकडे जाताना आधी बडीशेप खातो.

रक्ताचा रिपोर्ट आला. ती अर्धवट व्यवस्था माझ्यात आहे, तुमच्याकडून आलेली. बाई म्हणाल्या, भावंडांना सांगा, प्रत्येकाला असण्याची शक्यता निम्मी. वेळेवर दुर्बीण घातली तर कॅन्सर होण्याआधीच गाठी सापडतात, तुमच्या सापडल्या तशा. मुलं? नाहीत, म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा हे उत्तर कोणीतरी नुसतं "बरं" म्हणून ऐकून घेतलं. मग घरी येऊन मी बहिणीला फोन केला नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. ती गणपतीत मला म्हणालेली की जरा रक्त पडतं, मूळव्याध आहे, मानपाडा रोडवरच्या एका वैद्याचं चूर्ण चालू आहे. हे मला माहीत होतं, बाबा, आणि मी फोन करत नव्हतो. स्वतःला कारण मी फार सुंदर दिलेलं: तिला माझ्या पिण्याचं कळलं तर ती म्हणेल, तू पितोस म्हणून तुला झालं, मी कशाला जाऊ. तेव्हा तिच्याच भल्यासाठी आधी नीट विचार करायला हवा. असली कारणं मी दुसऱ्यांच्या तोंडी घालून पोट भरतो. स्वतःच्या तोंडात ती चवीला अगदी खरी लागतात.

शेवटी गेलो. बडीशेप खाऊन गेलो, सवयीने, त्या दिवशी घेतलेली नसतानाही. ती ओट्याशी उभी, भाजी चिरत होती, भाची क्लासला गेलेली. मी गाठींचं सांगितलं, रक्ताचं सांगितलं. ती ऐकत राहिली, सुरीवरचा हात थांबवला नाही. मग माझी भीती जशीच्या तशी तिच्या तोंडून आली. "अरे, पण मी कशाला घाबरू? आपल्याकडे ते दारूने झालेलं. मी थेंब घेतला नाही कधी. कावळा शिवला होता ना रे?" मी म्हणालो, आजोबांनाही झालेलं, ते माळकरी होते. हात थांबला. "तुला कोणी सांगितलं?" मी म्हणालो, बाबांनी. "कधी?" मी म्हणालो, दवाखान्यात, आणि माझं वाक्यही सांगितलं, वॉर्ड हसला तेही. कुकरची शिट्टी झाली तरी तिने गॅस बारीक केला नाही, मीच उठून केला. मग ती भाजीकडे बघत म्हणाली, "आत्यासुद्धा?" म्हटलं, हो, आत्यासुद्धा. "आणि माझ्या पोरीला?" म्हटलं, ते आधी तुझं बघितल्यावर कळेल. म्हणून तर आलोय.

ती येते म्हणाली. पदराला हात पुसत विचारलं, आत काय काय करतात, दुखतं का, बाई आहे ना डॉक्टर. मी सगळं सांगितलं, आदल्या दिवशी पोट साफ करायला ते खारट पाणी प्यायला लागतं तेही. मग वाटलं की आता उरलेलंही सांगून टाकावं. म्हणालो, अगं, अजून एक, मी घेतो. ती माझ्याकडे बघून हसली, बाबा, अगदी आईसारखी, आवाज न करता. "दादा, तू गणपतीला येतोस तेव्हा तुला काय वाटतं, तू उन्हाने लाल होतोस? मी दार उघडल्यावर आधी तुझे कान बघते. बडीशेप खातोस ती वर." आणि ताट वाढायला वळली. पुढच्या वेळी बाईंना कानांचं पण सांग, एवढंच म्हणाली.

तिची तपासणी परवा झाली. एक गाठ होती, काढली, तपासायला पाठवलीय. उत्तर अजून आलेलं नाही. बाहेरच्या बाकावर मी तिची पिशवी मांडीवर घेऊन बसलेलो. गुंगीतून बाहेर आल्यावर तिने पहिल्यांदा खायला मागितलं, आणि मी खाली जाऊन खारे शेंगदाणे आणले. नर्स ओरडली की हे आत्ता नाही द्यायचं. ते अजून माझ्या खिशात आहेत. या पत्राला पत्ता नाही, आणि यंदा गटारीला तुम्ही येणार नाही असं संपादकांना अजून कळवायचंय. त्या दुपारी तुम्ही हसलात ते माझ्या विनोदाला, की मला वाईट वाटू नये म्हणून, हे मला तेव्हाही कळलेलं. धाकटीला सांगितलं त्या दिवसापासून मी घेतलेली नाही. तरी हे लिहिताना कान गरम झालेत.